पाय

नॅकच्या फॉर्मात, क्रीडा विभागाखाली
सतरावा रकाना आहे:
संघाच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा, टक्क्यांत.
प्राचार्य म्हणाले, "चंपत, तू तर गोली होता ना त्या टीमचा,
टाक काहीतरी. पाचच्या आत."

कर्सर लुकलुकतोय.

नन्नावरे सरांना आम्ही कधी
धड एक किक मारताना पाहिलं नाही.
उजवा गुडघा वाकत नसे.
एसटीतून आधी काठी उतरायची, मग पिशवी, मग सर.
तासिका तत्त्वावर होते,
आणि मैदान कुठल्याच तासिकेत बसत नव्हतं.
त्यांच्या बिलांची फाइल आता माझ्याच कपाटात आहे.
सकाळी उघडली. कोरी.

घाटंजीचं मैदान म्हणजे काळी माती,
मार्चनंतर अशा भेगा की अख्खा बूट आत जाईल.
गोलची जाळी तलावावरच्या ढिवरांकडून मागून आणलेली.
मासळीच्या वासात मी तीन वर्षं उभा.

सर गेटवरच हात पसरायचे: "काढा."
खऱ्याच्या पन्न्या एकेक करून पिशवीत,
परत मिळायचा प्रश्नच नाही.
मग कोपऱ्यात उभं राहून बोटं वर करायचे,
चेंडू घेऊन पळता पळता आपण सांगायचं, किती.
गजू टेकाम पहिले पंधरा दिवस
दरवेळी "तीन" म्हणाला.
वखरामागं चालणाऱ्याची मान, वर येता येत नव्हती.

आणि ओरडायचे एकच:
"पाय!"
पुण्याकडून आलेल्या एका पंचांना वाटलं,
म्हातारा पायात पाय घातल्याची तक्रार करतोय.
त्यांना काय माहीत,
आमच्याकडं पाय म्हणजे बघ.
मान वर कर. अनीस कुठं आहे बघ.
जिथं कुणीच नाही, ते आधी बघ.

त्या वर्षी आम्ही विद्यापीठात फायनलला गेलो.
सर नव्हते. त्यांना वणीला परीक्षेवर नेमलं होतं.
हाफटाइमला दोन-शून्य मागं.
पाण्याची कॅन फिरली, कुणी तोंड उघडलं नाही.
मैदानात परत उतरल्यावर पुंडलिक आडे,
जो घरीसुद्धा मानेनंच हो-नाही सांगायचा,
मध्यावरून ओरडला, "पाय बे, पाय!"
दोन्ही गोल फिटले.
पेनल्टीत हरलो, ते माझ्यामुळं.
मी चेंडूकडं बघत होतो,
मारणाऱ्याच्या कमरेकडं बघायचं असतं,
शंभरदा सांगितलं होतं.

आता ती पंचेचाळीस मिनिटं
कुणाच्या नावावर टाकू?
सर तर तेव्हा वणीत पुरवण्या वाटत होते.

पुढच्या वर्षी तेच नऊ जण, तेच बूट,
जर्स्या मात्र नव्या, आमदार निधीतल्या.
क्रीडा विभागासमोर शब्द होता: रिक्त.
पहिल्याच फेरीत सहा गोल खाल्ले.
वाईट कुणीच खेळलं नाही,
जो तो आपापलं चांगलंच खेळला.

शंभर टाइप केलं.
गजूची फुटलेली टाच आठवली, खोडलं.
चाळीस टाकून पाहिलं.
चाळीस म्हणजे सरांचं नेमकं काय?
काठी धरून? गुडघा वगळून?

पाचला वीस कमी.
खिडकीबाहेर नवी पोरं खेळताहेत,
म्हणजे वीस जण एका चेंडूमागं,
भेलीला लागलेल्या मुंगळ्यांसारखे.
डावीकडचं सगळं मैदान मोकळं पडलंय.
राहवलं नाही. गजांना तोंड लावून ओरडलो,
"पाय!"

सगळे थांबले,
आणि वाकून आपापल्या बुटांकडं बघू लागले,
कुणाची नाडी सुटली की काय म्हणून.

फक्त जाळीपाशी उभ्या असलेल्या काटकुळ्यानं
उन्हाला हात आडवा धरून मान वर केली,
थेट माझ्या खिडकीकडं,
आणि विचारलं,
"काय पायजे जी?"